छतावरचं ओलं पोतं

जमनीनं ओलं पोतं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि ती शिडी चढायला लागली. पांढरकवड्याच्या बाजूला मे महिन्याच्या दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण छतावरच्या सोलरच्या प्लेटांची तिला लेकीइतकीच काळजी. फार तापल्या की वीज कमी देतात, असं बसवणारा माणूस सांगून गेला होता. जमनीनं त्याची मनाशी गाठ बांधली होती.

लेक राखी पहिल्या बाळंतपणाला तांड्यावर आली होती. उन्हाळ्यात तिथला पंखाही जेमतेम फिरायचा, म्हणून नवऱ्याच्या मागे लागून जमनीनं खास तिच्या कूलरसाठी प्लेटा बसवून घेतल्या. पण मेला कूलर भर दुपारीच मान टाकायचा. राखीचे पाय सुजले, झोप उडाली. शेवटी आज जावई सुनील राजूरहून तिला न्यायला आला. आपल्या खाणीच्या क्वार्टरमध्ये वीज जात नाही, एवढंच तो म्हणाला. पहिलं बाळंतपण माहेरी नाही, या विचारानं जमनीचा जीव तुटत होता.

निघण्याआधी एकदा वायर पाहावी म्हणून सुनील तिच्या मागोमाग वर आला. जमनी प्लेटांवर पोतं पसरत होती.

“मामी, हे रोज टाकता?”

“रोज. माठासारख्या थंड राह्यतेत.”

तो हसला नाही. पोत्याचं टोक धरून म्हणाला,

“प्लेटीले उजेड लागते, मामी. काचेवर उजेड पडला की आतून करंट निंगते. तो खालच्या डब्यात जाते, मंग त्याची घरातली वीज बनते. पोत्याखाली अंधारच हाय.”

त्यानं पोतं ओढलं. थोड्या वेळानं खालून कूलरची घरघर ऐकू आली. जमनी मटकन कठड्याशी बसली.

“म्हंजे पोरीले मीच उकाड्यात ठेवलं.”

 सुनीलनं तिला हात धरून शिडीवरून उतरवलं.

राखी कूलरसमोर केस मोकळे सोडून बसली होती. काय झालतं, असं तिनं विचारलं. जमनीनं तोंड उघडलं, पण सुनीलच आधी बोलला.

“वायर ढिल्ली होती. मामीनंच दाखवली.”

“मंग बॅग भरू का नको?”

“राहू दे. बारशाले येतो मी.”

जमनीला रडूच फुटणार होतं. ती घाईनं चुलीकडे वळली.

“हात धुवून घे, बेटा. भाकर वाढतो.”

जावयाला आपण अरे-तुरे केलं हे तिच्या ध्यानात आलं, तोवर तो पाट ओढून बसलाही होता.