मधला चेंडू

थोरलीने गुडघ्याची पट्टी इतकी करकचून आवळली की प्रशिक्षकांनी नजर वळवली.

"आज मधला चेंडू तिला सोडायचा," ते धाकटीकडे बोट करून म्हणाले. "प्रत्येक वेळी. तू आपली तुझी कड सांभाळ. ऐकलंस तर हंगाम संपेपर्यंत जोडी राहील. नाहीतर उद्यापासून तिला नवी जोडीदार."

"आणि मी?"

"वय कुणाला चुकलंय?"

शेजारच्या बाकावर धाकटी बुटाच्या नाड्या बांधत होती. तिने मान वर केली नाही. क्लबात या दोघींना सगळे थोरली-धाकटी जावा म्हणत, कारण त्या मैदानावर कचाकचा भांडायच्या आणि जेवायला मात्र एकाच टेबलाशी बसायच्या. थोरली उभा जन्म टेनिसमध्ये दुहेरीच खेळत आली होती. 'एकटीला झेपत नाही म्हणून दुकटी,' असं तिचा सख्खा भाऊसुद्धा म्हणे. ते तिने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण मधला चेंडू सोडायचा म्हणजे नुसतं शोभेला उभं राहायचं, त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट? तिला संताप आला होता आणि त्या संतापाने तिला बरंही वाटत होतं.

पहिलाच मधला चेंडू तिने "माझा!" म्हणत हाणला. पुढचाही. बाहेर प्रशिक्षक हातवारे करून थकले. तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

शेवटच्या सेटमध्ये, सामना हातचा जाऊ पाहत असताना, चेंडू दोघींच्या बरोबर मधून आला. थोरली झेपावली. चेंडू जाळीच्या पट्टीवर आदळून अलीकडेच पडला, आणि सामना गेला.

"सांगितलं होतं मी," खोलीत प्रशिक्षक म्हणाले.

"सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. पुन्हा आला तर पुन्हा मारीन."

ते धाकटीकडे वळले. "तो चेंडू तुझा होता. उद्या सकाळी नव्या मुलीबरोबर सराव."

धाकटीने टॉवेलने तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"सर, मी हललेच नव्हते."

"म्हणजे?"

"पाय जागच्या जागी थिजले माझे. ताई गेली नसती, तर दोघी बघतच राहिलो असतो." तिने टॉवेल बॅगेत कोंबला. "नव्या मुलीला दुसरं कुणीतरी बघा."

प्रशिक्षक दार लोटून निघून गेले.

"पण मारायचाच तर जरा जाळीवरून मारावा माणसाने," धाकटी म्हणाली.

थोरलीने वाकून गुडघ्याची पट्टी सोडली.

"उद्या लवकर ये," ती म्हणाली.