उडीचा खड्डा

ज्या शाळेत मी पहिली लांब उडी मारली, तिथेच मुलांची शी तपासायला जायचं माझ्या नशिबी आलं. बावीस मुलं पांढरीफटक पडली होती. डब्या वाटताना वर्गात जी खसखस पिकली, ती अगदी आमच्या वेळच्यासारखीच होती.

बावीसही डब्यांत हुकवर्मची अंडी सापडली. हा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. मुलं वेगवेगळ्या वर्गांतली, पण सगळी उडीच्या संघातली. खड्ड्यामागच्या भिंतीपलीकडे संडासाची टाकी होती आणि ती झिरपत होती. मी शाळेत होते तेव्हाही झिरपायची.

खड्डा आमच्या खेळाच्या सरांचा. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी येऊन वाळू सारखी करायचे, तिच्यावर पाणी शिंपडायचे.

"आधी बूट काढ, बेडकी," मला बघताच ते म्हणाले.

संघातलं माझं नाव त्यांना आठवत होतं. खरं सांगते, मला भरून आलं. बूट मात्र मी काढले नाहीत.

संघात निवड झाली की पंधरा दिवसांत पायांच्या बोटांत खाज सुटायची. सर म्हणायचे, मैदान पायाला लागलं. आम्ही ती खाज पदकासारखी मिरवायचो. धाकट्या बहिणीला सुटली नाही, तर ती रडरड रडली होती. त्याच वर्षी मी प्रार्थनेला दोनदा चक्कर येऊन पडले. आईच्या मते ते माझ्या जेवणातल्या नखऱ्यांमुळे. इतकी वर्षं मी ती खाज लाडाने आठवत आले, आणि जंत पायात शिरल्याची ती पहिली खूण होती.

खड्डा बुजवावा लागेल, असं मी सांगितलं. सर भडकले. इथून किती पोरं घडली ते त्यांनी ऐकवलं, चार पुस्तकं शिकून मला शिंगं फुटल्याचंही सुनावलं. मग फावडं उचलायला वाकले आणि धापा टाकत खड्ड्याच्या काठावरच बसले. वय झालं, म्हणाले.

मी समोर बसून त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आतून ती कागदासारखी पांढरी होती. मला रडू आवरेना. पिशवीतली डबी मी त्यांच्या हातात ठेवली.

"म्हणजे मी तेविसावा?"

"पहिले, सर. आमच्याही आधीचे."

ते बराच वेळ डबी बोटांत फिरवत राहिले. मग वाळूतले पाय उचलून त्यांनी बाजूच्या फरशीवर ठेवले.

"बूट काढले नाहीस," ते म्हणाले, "बरं केलंस."