मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं

मंदार पांढरीपांडेला फॉर्म भरायचा नाद होता. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला तंबाखूचा, याला फॉर्मचा. गॅसचा असो, शाळेचा असो, आईच्या पेन्शनचा असो, घरातला प्रत्येक फॉर्म तोच भरणार आणि भरताना प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणार, जणू घरातली बाकी मंडळी अंगठेबहाद्दर. तो सरकारी खात्यात उपअभियंता होता आणि शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होता. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा आजोबा आपल्या ऑफिसाबरोबर इकडे आले, आणि तेव्हापासून हे घराणं फायलींवरच जगलं. रीतसर माणूस, असं कॉलनीत सगळे त्याच्याबद्दल म्हणायचे. कॉलनीचं म्हणायला काय जातं.

त्याची बायको कमलिनी हिला डाव्या कानाने ऐकू येत नसे. आंघोळीत कानात पाणी गेलं, पू झाला आणि पडदा फाटला, ही हकिगत सगळ्यांना पाठ होती. डॉक्टरांनाही तेच सांगितलं होतं, आणि सांगणारा मंदारच होता. खरी गोष्ट अशी की दोन वर्षांपूर्वी मुलीच्या, जुईच्या, सहलीच्या परवानगीपत्रावर कमलिनीने स्वतःच सही ठोकून दिली. मंदार दौऱ्यावर होता आणि सहलीची बस निघायला टेकली होती. परत आल्यावर त्याने तिच्या डाव्या कानावर एक थप्पड मारली. त्यानंतर मात्र त्याने कधी तिच्या कानाला हात लावला नाही. मारायचं तर ते दिसू नये आणि डॉक्टरकडे जावं लागू नये, एवढी काळजी तो घ्यायला लागला.

हे कमलिनीने कुणालाही सांगितलं नव्हतं. नागपूरला आईला नाही, धाकट्या बहिणीला, सुरुचीला, नाही. सांगितलं ते एका टॅबलेटला.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. तिळगूळ झाला, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटून झाले आणि मग अबोली उभी राहिली. तुलसी नगरच्या रेवतीकाकूंची ही मुलगी कुठल्याशा सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेत लागली होती. भोपाळमधल्या मराठी बायकांच्या तब्येतीची पाहणी चालली आहे, तुमची दहा मिनिटं द्या, असं म्हणत तिने बायकांच्या हातात टॅबलेट दिले. पोरगी मोठी उत्साही. "काकू, पुढच्या वेळी परत सगळं सांगत बसायचं नाही बरं का! तुमचं आजचं उत्तर फॉर्म लक्षात ठेवतो आणि पुढचे प्रश्न त्यावरून स्वतःच बनवतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना गुडघ्याचंच विचारणार. एकेकीचा फॉर्म वेगळा. आणि बाहेर कुणाला काही कळणार नाही."

कमलिनी भराभर खुणा करत गेली. ऐकण्यात त्रास आहे का, आहे. कुठल्या कानाने, डाव्या. मग एक रिकामा चौकोन आला आणि वर एकच शब्द होता, कशामुळे? अबोली तेव्हा दुसऱ्या काकूंना कळफलक दाखवत होती. आजवर ज्यांनी ज्यांनी कशामुळे असं विचारलं होतं, त्यांना शेजारी उभ्या असलेल्या मंदारने उत्तर दिलं होतं. इथे शेजारी कुणी नव्हतं. तिच्या बोटांनी लिहून टाकलं, नवऱ्याने मारलं. लिहिलं आणि तिला इतकं मोकळं वाटलं की तिने आणखी एक तिळगूळ मागून घेतला.

चूक त्यानंतर झाली. शेवटी अबोलीने विचारलं, "काकू, मोबाइल नंबर?" आणि कमलिनीने धडाधड नंबर सांगितला. सिलिंडरवाल्याला, बँकेत, शाळेत, रेशनच्या दुकानात गेली बारा वर्षं ती जो नंबर सांगत आली होती, तोच. मंदारचा. स्वतःचा फोन तिच्याकडे होता, पण तो नंबर तिला पाठसुद्धा नव्हता. तो कुणी विचारलाच नव्हता कधी. घरी येऊन डबा धुताना तिच्या हे लक्षात आलं. मग दिवस गेले, महिने गेले, काही आलं नाही. अबोलीला फोन करावा असं तिला रोज वाटायचं. पण नंबर बदल म्हटलं की का ते विचारणार, आणि का ते सांगायचं कसं? पाहणी बारगळली असेल, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली.

जुलैतल्या एका शनिवारी मंदार बिट्टन मार्केटहून भाजी घेऊन आला, पिशव्या टेकवल्या आणि फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचत म्हणाला, "कमल, हे काय गं? नमस्कार कमलिनीताई, मागच्या माहितीबद्दल आभार, पुढचे प्रश्न खास तुमच्यासाठी. तू कुठे माहिती दिलीस?"

कोथिंबीर निवडणारे तिचे हात थांबले. "मंडळात. सगळ्याच बायकांनी दिली. गुडघे, पाठ, असलंच काहीतरी."

"आणि मला बोलली नाहीस."

"विसरले. द्या इकडे, मी भरते नंतर. त्यात बायकांचं काहीबाही असतं."

"तसलं काही आलं तर सोडून देऊ," मंदार म्हणाला. अर्धवट पडलेला फॉर्म त्याला बघवत नसे. त्याने चष्मा चाचपला, तो ऑफिसात राहिला होता. मग त्याने जुईला हाक मारली. जुई दहा वर्षांची, हिंदी शाळेतली. घरातलं मराठी टिकलं पाहिजे म्हणून मंदार तिला औषधाच्या बाटलीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत जे दिसेल ते मराठी मोठ्याने वाचायला लावायचा. आपल्या मुलीला मराठी वाचता येतं, याचं मंडळात कौतुक व्हायचं आणि तो ते अंगभर मिरवायचा.

"चल, वाच हे. एकेक प्रश्न. आईने उत्तर सांगायचं, तू खूण करायची."

"अरे पप्पा, पूरा मैं ही करूँगी?" जुई खूश झाली आणि फोन घेऊन पलंगावर मांडी घालून बसली. सासूबाई, विजयाबाई, खुर्चीत गवार मोडत होत्या. कमलिनीने फोन हिसकावून घेतला असता. पण हिसकावणं म्हणजे कबुलीच. तिने कोथिंबीर पुन्हा पुढे ओढली.

"मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं की तुमचे गुडघे दुखतात," जुईने शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं. "आता ते जास्त दुखतात का?"

"तेवढेच," कमलिनी म्हणाली.

"मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं की तुम्हाला रात्री नीट झोप लागत नाही. आता लागते का?"

मंदार हसला. "वा! मागचं सगळं लक्षात ठेवलंय. कुणी बनवलंय हे? आमच्या खात्यात तक्रार केलेला माणूस दहादा तीच तक्रार लिहून देतो. याला म्हणतात सिस्टीम!" आणि त्याने खुर्ची पुढे ओढली. त्याला आता खरंच रस वाटायला लागला होता. मेला रस, आणि मेली ती सिस्टीम.

"दूध बघते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि गॅस मोठा केला. दूध वर आलं, ओट्यावर सांडलं, करपल्याचा वास सुटला. "अहो, दूध उतू गेलं!" ती ओरडली. मंदार उठून येईल, प्रश्न राहतील, फोनचं कुलूप लागेल, एवढीच आशा होती.

"पुसून घे ना मग," तो बाहेरून म्हणाला. "जुई, तू वाच."

ती उजवा कान दाराकडे करून उभी राहिली. पाठीचं झालं. डोळ्यांचं झालं, चष्म्याचा नंबर वाढला का, त्याचं उत्तर मंदारनेच देऊन टाकलं. आपण तिथे नसलो तर आणखी वाईट, असं वाटून ती हातात ओलं फडकं घेऊन बाहेर आली.

"मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं," जुई बोट ठेवून शब्द शब्द वाचत होती, "की तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. कारण तुम्ही लिहिलं होतं, नवऱ्याने मारलं. आता ऐकू येतं का?"

वाचून झालं आणि मग तिला कळलं. तिने मान वर केली नाही. विजयाबाईंच्या हातातली शेंग मोडायची थांबली. बाहेर भंगारवाला हिंदीत ओरडत गेला.

"काय?" मंदार म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो चढत नसेच. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं त्याने कधी काही केलं नव्हतं. "हे तू लिहिलंस?"

कमलिनीच्या आधी विजयाबाई बोलल्या. "ती कशाला लिहील असलं? त्या रेवतीच्या पोरीनंच मनानं घातलं असणार. आजकालच्या पोरी, काही सांगता येतं का त्यांचं! हो ना गं कमल? तूच सांग त्याला. त्या पोरीनंच लिहिलं ना?"

म्हातारीने दोर टाकला होता. कमलिनीला तो अगदी नीट दिसला. नुसतं हो म्हणायचं. मग मंदार रेवतीकाकूंच्या घरी फोन करील, मंडळात बोलेल, संस्थेला रीतसर तक्रार लिहील, आणि तक्रार लिहिण्यात त्याचा हात कोण धरणार? अबोलीची नोकरी जाईल. पण आजचा दिवस निघेल. अबोलीचा तिला रागही होताच. बाहेर कुणाला कळणार नाही म्हणाली होती कार्टी, आणि फॉर्मने शब्द पाळला होता, बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, आणून घरात सांगितलं होतं. "हो" हा शब्द तिच्या ओठांवर आला.

"आई," जुई म्हणाली. ती फोनकडेच बघत होती. "इथे तीन उत्तरं आहेत. ऐकू येतं, थोडं येतं, अजिबात येत नाही."

"ऐकू येतं," मंदार म्हणाला. "खूण कर आणि दे इकडे."

जुईने खूण केली. पण फोन दिला नाही. "पप्पा, मी खोटं नाही लिहिलं," ती म्हणाली. "अजिबात येत नाही, हेच लिहिलं. मुझे पता है. मी त्या बाजूने कधी हाकच नाही मारत आईला. मग आता पुढचा प्रश्न आला. मागच्या सहा महिन्यांत असं पुन्हा घडलं का."

मंदार उठला. त्याच्याबरोबर विजयाबाईही उठल्या, शेंगांचं ताट खाली ठेवलं आणि जुईचा दंड धरला. "चल बाळा, आपण खाली देवळात जाऊन येऊ. आईस्क्रीम देते तुला." हे त्या नेहमीच करायच्या. मंदार असा उठला की त्या जुईला घेऊन खाली जायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि तासाभराने यायच्या. पोरीने काही बघू नये म्हणून. आपण फार मोठं काम करतो असं त्यांना वाटायचं, आणि खरं सांगायचं तर कमलिनीलाही तसंच वाटत आलं होतं. जुईला काही माहीत नाही, या एका गोष्टीवर तिने सगळी वर्षं काढली होती. ती गोष्ट आता संपली. मार तिला सवयीचा होता. पण हे मात्र तिला सहन होईना.

जुईने दंड सोडवून घेतला. पलंगाला वळसा घालून ती कमलिनीच्या उजव्या बाजूला आली आणि तिला चिकटून उभी राहिली.

"आई, काय लिहू?"

"जुई, आजीबरोबर जा," मंदार म्हणाला.

"आई, सांग ना. काय लिहू?"

कमलिनीने हातातलं फडकं खुर्चीवर टाकलं. पुढे काय होणार ते तिला ठाऊक होतं. जुईला खाली पाठवावं, एवढं तरी करावं, असं तिचा जीव सांगत होता. पण पोर तिच्याकडे बघत होती, आणि आता नाही म्हटलं तर ते पोरीला जन्मभर पुरलं असतं.

"हो लिही," ती म्हणाली. "पुष्कळदा, असंही लिही."

जुईने बोट टेकवलं. विजयाबाई दाराशी थोडा वेळ थांबल्या. "चल गं," असं त्या आणखी एकदा म्हणाल्या, पण जुई हलली नाही. मग त्यांनी चपला घातल्या, एकट्याच बाहेर गेल्या आणि नेहमीच्या सवयीने दार ओढून घेतलं. या वेळी जुई आत होती.