मे महिन्यातले सहा उंदीर

डॉ. विश्वास आगटे यांनी उभ्या आयुष्यात साठेक शोधनिबंध लिहिले. त्यातला गाजला एकच. शहाऐंशी सालचा, सांधेदुखीवरच्या एका नव्या औषधाचा. तेरा वर्षांत दोनशे बारा संशोधकांनी त्याचा संदर्भ दिला होता. हा आकडा दूधवाल्यालासुद्धा पाठ होता, कारण त्यांच्या पत्नी सुनीतीबाई तो कुणालाही ऐकवत. पुढच्या महिन्यात निवृत्ती, मग सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये. त्याआधी, येत्या रविवारी, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सभागृहात दिल्लीकर मराठी मंडळींनी त्यांचा सत्कार ठेवला होता.

"भाषणात नुसते फॉर्म्युले नकोत हं," सुनीतीबाई म्हणाल्या. "लोक झोपतील. तेव्हाची एखादी गंमत सांगा."

गंमत शोधायला म्हणून आगट्यांनी भर दुपारी माळ्यावरून जुनी वही काढली. तिथेच घात झाला.

त्यांच्या प्रयोगशाळेच्या प्राणिघरात एक रीत होती. मे-जूनमध्ये उंदीर मेला की वहीत 'लू', म्हणजे ऊन लागलं, असं लिहायचं आणि तो उंदीर वगळायचा. दिल्लीचा उन्हाळा, वीज जाणार, कूलर बंद पडणार. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. वहीत आगट्यांच्याच वळणदार अक्षरात होतं: 'औषधाचा पिंजरा. अकरावा दिवस. सहाच्या सहा मेले. लू.' आणि खालच्या ओळीत: 'बिनऔषधाचा पिंजरा. सहाच्या सहा ठणठणीत.'

दोन्ही पिंजरे एकाच खोलीत होते. लू काय पिंजरा बघून लागते?

हे त्यांना तेव्हाही दिसलं होतं, हे मुद्दाम सांगायला हवं. औषधाचा पिंजरा उन्हाच्या खिडकीपाशी असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. हिवाळ्यात प्रयोग पुन्हा केला, पण परिषदेची तारीख तोंडावर आली म्हणून सातव्या दिवशी आटोपला. एकही उंदीर दगावला नाही. निबंधात लिहून टाकलं: सुरक्षित.

आता त्यांनी दोनशे बारा निबंधांची फाइल पुढ्यात ओढली. कुणीतरी अकरा दिवस गाठले असतील, एवढीच आशा होती. बहुतेकांनी प्रयोग केलाच नव्हता, नुसता त्यांचा हवाला दिला होता. ज्यांनी केला, तेही सातव्या दिवशी थांबले होते, कारण आगट्यांनी सात लिहिले होते. एवढी शिकलेली माणसं, पण चालली मेंढरांसारखी! आगट्यांनी फाइल मिटून फोन पुढे ओढला.

कारण गुडगावातल्या एका नव्या कंपनीने तेच औषध उचललं होतं. त्यांची लेक नीरजा तिथेच कामाला होती. माणसांवरची चौदा दिवसांची चाचणी सुरू झाल्याचं तिनेच कौतुकाने कळवलं होतं.

त्यांनी फोनवर हात ठेवला. पण फोन केला की रविवारचा हार गेला, ते दोनशे बारा गेले, तेरा वर्षांची अब्रू गेली. सत्कार होऊ दे, सोमवारी सांगू, चार दिवसांनी काय बिघडतंय! माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील दुसरा नाही. त्यांनी हात काढून घेतला.

आणि फोन वाजला.

"बाबा, रविवारी सांगून सरप्राइज देणार होते," नीरजा म्हणाली. तिचा आवाज खोल गेला होता. "चाचणीत मीपण आहे. बाबांचं औषध आणि मी नाही, असं कसं होईल? आज दहावा दिवस."

आगट्यांनी वहीतल्या 'अकरावा दिवस' या शब्दांवर बोट ठेवलं.

"सकाळपासून चक्कर येतेय, दोन उलट्या झाल्या. इथे सगळे म्हणतात, अरे यार, लू लग गई. लिंबूपाणी घेऊन पडलेय. ठीक आहे ना?"

वही समोर उघडीच होती.

"नीरजा, पुढची गोळी घेऊ नकोस. कुणालाच घेऊ देऊ नकोस. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना बोलाव आणि माझं नाव सांग. ही लू नाही."

"मग काय आहे?"

चहाचा कप घेऊन आलेल्या सुनीतीबाई दारातच थबकल्या. आगट्यांनी वही जवळ ओढली आणि वहीतली ती खालची, बिनऔषधाच्या पिंजऱ्याची ओळ लेकीला मोठ्याने वाचून दाखवली.