महिला गटातली डमी

रिसॉर्टवर रात्रीचं जेवण आठशिवाय मिळायचं नाही, आणि स्नेहल चौगुलेला तोवर थांबता येत नव्हतं. घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. बी.एस्सी.ची तीन वर्षं वसतिगृहात काढूनही तिनं ती मोडली नव्हती. हंबीररावांच्या सहलीसाठी मोडायचं काही कारणच नव्हतं. म्हणून ऊन कलायला लागलं की ती मागच्या दारानं एकटीच स्वयंपाकघरात जायची.

सहल म्हणायची एवढंच. दूध संघाच्या निवडणुकीत मत असतं ते गावोगावच्या दूध संस्थांनी ठराव करून पाठवलेल्या एकेका माणसाला. तो फुटू नये म्हणून पॅनेलवाले त्याला आधीच उचलतात, फोन काढून घेतात आणि अशा ठिकाणी खाऊपिऊ घालत ठेवतात. स्नेहल गावच्या संस्थेची मतदार तर होतीच, वर डमी उमेदवारही होती. महिला गटात हंबीररावांच्या पॅनेलची खरी उमेदवार वेगळी होती. तिचा अर्ज छाननीत उडाला तर हाताशी असावी म्हणून स्नेहलचाही अर्ज भरला होता. छाननी झाली, खरीचा अर्ज टिकला. आता उद्या तीनच्या आत कोल्हापूरला जाऊन माघारीवर सही केली की तिचं काम संपत होतं.

ती यात पडली होती ती एका गोष्टीसाठी. कुरुंदवाड रस्त्यावर तिच्या गावाला संघाचं शीतकेंद्र होतं. आसपासच्या गावांचं दूध तिथं थंड व्हायचं आणि स्नेहल तिथंच ते तपासायची. केंद्र हललं तर संध्याकाळचं दूध थंड न करताच कोल्हापूरपर्यंत न्यावं लागणार, आणि उन्हाळ्यात ते तेवढं टिकत नाही. तास-दीड तासात दुधाची आम्लता कशी चढते हे ती रोज बघायची. मग मदिनाचाचीसारख्या एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बायकांचं दूध रोज नापास. हंबीरराव स्वतः घरी आले होते. तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या शेजारी बसून म्हणाले होते, "कल्लाप्पा, त्यो अमरसिंह तुमच्या केंद्राची जागा विकणार हाय. मी हाय तवर एक वीट हलू देत न्हाय."

हंबीरराव सत्ताधारी पक्षाचे, संघही त्यांच्याच ताब्यात; अमरसिंह विरोधी पक्षाचे. गेल्या विधानसभेला दोघांच्या पोरांनी एकमेकांची डोकी फोडली होती. स्नेहलनं अर्ज भरला.

"कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय. खावा निवांत," म्हणत स्वयंपाकीणबाई बाळाबाईनं ताट पुढं सरकवलं. तेवढ्यात मागचं दार करकरलं आणि आत आला तो स्नेहलचा सख्खा मामा. जिनेंद्रमामा अमरसिंहांच्या पॅनेलचा जुना माणूस.

"मामा? तुमी समदी गोव्याला हाय न्हवं?"

"आनि तुमी महाबळेश्वरला, असं आमाला सांगितलेलं." मामा दारातच थांबला. "आमी त्या आंब्याच्या बागंमागल्या बंगल्यात हाय. कालच आलोय."

"म्हंजे एकाच मालकाकडं?"

"मालकाला काय, त्यानं दोन बंगलं दोन साहेबांस्नी दिलं," बाळाबाई म्हणाली. "मी तर दोगांची भाजी एकाच भांड्यात केली की. दोन मानसाच्या जैन जेवनाला दोन चुली कोन पेटवतंय?"

मामा हसत पाटावर बसला. "तुला काय सांगून आणलंय गं?"

"अमरसिंह आमचं शीतकेंद्र विकणार म्हणून."

मामाचा हात पापडावरच राहिला. "आमाला सांगितलंय, हंबीरराव विकणार म्हणून."

पुढचं बोलायच्या आतच मागच्या पडवीत खुर्च्या ओढल्याचा आवाज झाला. या वेळेला स्वयंपाकघराकडं कुणी फिरकत नाही, हे पडवीतल्यांनाही ठाऊक असणार. खिडकी उघडी होती. पहिला आवाज हंबीररावांचा होता.

"तर महिला गटाची जागा तुमच्या सूनबाईला, स्वप्नालीताईला. माझी बाई माघार घेतीय. सगळं बिनविरोध."

"आनि तुमची ती डमी?" हा आवाज अमरसिंहांचा. भाषणात तो नेहमी तापलेला असायचा. आता दुपारची झोप झालेल्या माणसासारखा होता.

"कल्लाप्पाची पोरगी? गरीब हाय. सही करंल."

"बघा हां. एक अर्ज ऱ्हायला तर मतदान लागतंय. मतदान लागलं की गावोगाव सभा, आनि सभंत कुनीतरी कुरुंदवाडच्या जागेचं काढतंय. आपल्या दोगांच्या लेकांनी त्या जागेवर कोल्ड स्टोरेजचं ठरवून ठेवलंय, ते बोंबलतंय."

"न्हाय हो. असं करू, केंद्र आमी हलवतो, मोर्चा तुमी काढा. चार दिस लोकं वरडतील, तुमी निवेदन घ्या, झालं."

मामानं पापडाचा तुकडा तोंडात घातला होता. तो चावायचा कसा, हे त्याला कळेना. गाल फुगवून तो तसाच बसून राहिला. चेहरा लाल झाला. बाळाबाई तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. खुर्च्या परत सरकल्या, पावलं लांब गेली, तेव्हा कुठं पापड कुरकुरला.

"मामा, आता?"

"आता काय." मामा पाणी प्यायला. "तीस वर्सं त्यांचा झेंडा धरतोय मी, स्नेहल. माझ्या पोराची नोकरी त्यांच्या कारखान्यात हाय. मी काय ऐकलं न्हाय. तूबी ऐकलं न्हाईस."

ताटातलं न संपवताच तो उठला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कोल्हापूरला नेणाऱ्या बसमध्ये हंबीररावांचा माणूस कृष्णात तिच्या शेजारी खेटून बसला होता. स्नेहल खिडकीबाहेर बघत विचार करत होती. सगळे सारखेच, असं म्हणणं तिला आळशीपणाचं वाटायचं. कारण फरक होते. पशुखाद्याच्या दरावरून दोघांचं खरंच वाजायचं, अमरसिंहांच्या काळात बिलं वेळेवर निघायची, हंबीररावांनी जनावरांचे डॉक्टर वाढवले होते. मग केंद्राच्या बाबतीतच तो फरक कुठं गेला? आणि खिडकीतून एकदा ऐकलेल्यावर भरवसा ठेवायचा का? एका नमुन्यावरून ती दूधही नापास करत नसे. परत काढून बघायची. हेही परत बघायचं, तोंडावर विचारून, असं तिनं ठरवलं.

कोल्हापुरात निवडणूक कार्यालयाबाहेर दोन्ही पक्षांच्या गाड्या लागल्या होत्या. पायरीशी हंबीरराव उभे होते, कोपऱ्यात एक बातमीदार माईक घेऊन ताटकळत होता.

"साहेब, केंद्र ऱ्हाणार न्हवं?"

"अगं, शब्द दिलाय की तुझ्या बाला."

"मग तेवढं त्या माईकपुढं सांगा. जागा विकणार न्हाय, एवढंच. मी लगेच सही करते."

हंबीरराव हसले. हसू ओठांवरच राहिलं. "पोरी, असल्या गोष्टी चव्हाट्यावर बोलायच्या नसत्यात. आधी सही, मग चहा घेता घेता बोलू."

"आधी सांगा."

"कृष्णात," ते हळू आवाजात म्हणाले, "हिला जरा समजावून सांग." आणि आत गेले.

कृष्णातनं तिला भिंतीकडं घेतलं. "ए बाई, उद्यापासनं तुमच्या संस्थेचं समदं दूध संघात नापास झालं म्हंजे? गाव तुज्या दारात यील, समजतंय काय?"

समजत होतं. दूध नापास करायला काय लागतं हे तिच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं: उन्हात जरा वेळ कॅन उभे करून ठेवले की झालं. दारात उभी राहिलेली मदिनाचाची तिला दिसली, हातात परत आलेली किटली. केंद्र वाचवायला निघावं आणि आपल्यामुळंच दूध परत यावं. सही करून टाकावी, असं एक क्षण फार जोरात वाटलं.

तेवढ्यात समोर अमरसिंह आले. त्यांच्याशी ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"कल्लाप्पाची लेक न्हवं तू? शहाणी हाईस म्हनत्यात." त्यांनी प्रेमानं मान हलवली. "हंबीररावांचं ऐकावं. मोठं मानूस हाय. त्यांनी इतकं केलंय तुमच्या गावासाठी."

याच माणसानं महिन्यापूर्वी चौकात हंबीररावांना चोर म्हटलं होतं. तिला आता तिसऱ्यांदा तपासायची गरज उरली नाही.

"अमरसिंहसाहेब," ती म्हणाली, आणि आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, "केंद्र हलवल्यावर मोर्चा किती दिवसांनी काढणार तुमी?"

आसपासची चार-पाच माणसं वळली. त्यात दोन्ही बंगल्यांतली होती. अमरसिंहांचा चेहरा हलला नाही, फक्त हात खांद्यावरच्या उपरण्याकडं गेला. "कुनी डोस्क्यात भरवलं हे?"

"तुमीच. खिडकी उघडी होती."

आत जायचं दार मोकळं होतं. ती आत गेली आणि अधिकाऱ्यांच्या टेबलासमोरच्या बाकावर बसली. कृष्णात माघारीचा अर्ज आणि पेन घेऊन शेजारी येऊन बसला. मग हंबीरराव येऊन बसले. मग अमरसिंहांचा माणूसही आला, आणि बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना दोन पक्ष झाले. कुणी ओरडलं नाही. हंबीरराव अण्णांच्या तब्येतीबद्दल बोलत होते, स्वप्नालीताईंनी कसं महिलांसाठी काम केलंय ते अमरसिंहांचा माणूस सांगत होता, कृष्णातनं पेनचं टोपण काढून पेन तिच्या मांडीवर ठेवलं होतं. ती पेनला हात न लावता बसून राहिली. तहान लागली होती. पाणी मागितलं तर उठावं लागेल, म्हणून तिनं तेही मागितलं नाही.

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि दार लावायला सांगितलं. "माघारीची वेळ संपली. महिला गटात दोन अर्ज शिल्लक. मतदान होईल."

दोघे साहेब एकदमच उठले. जाताना हंबीरराव वाकून म्हणाले, "पडशील. अनामतबी जाईल."

"पडेन. पण तुमाला गावागावात यावं लागंल, आणि मी विचारत फिरेन."

अधिकारी तिच्याकडं बघत होते. "ताई, चिन्ह कोणतं घेणार?"

तिनं चिन्हाचा विचारच केला नव्हता. "कोणती शिल्लक आहेत?"

"सगळीच. तुमच्याआधी मागणार कोण? बिनविरोधच्या तयारीनं आली होती मंडळी."

तिनं दुधाचा कॅन हे चिन्ह घेतलं. मग बाहेर आली.

पायऱ्यांवर दोन्ही बंगल्यांतले मतदार एकत्र घोळक्यानं उभे होते; कोण कुणाच्या बसचा, हे सांगता येत नव्हतं. सगळे तिच्याकडं बघत होते आणि कुणी जवळ येत नव्हतं. फक्त जिनेंद्रमामा चार पावलं पुढं आला.

"मामा, तुमचं मत?"

मामानं एकदा मागं अमरसिंहांच्या गाडीकडं बघितलं.

"मत गुप्त असतंय," तो म्हणाला आणि जाऊन त्यांच्या बसमध्ये बसला.

स्नेहलनं घोळक्याकडं बघितलं. कडेला एक वयस्क बाई उभी होती, हुपरीकडच्या कुठल्यातरी संस्थेची, ओळख नव्हती. ती तिच्याकडं गेली आणि विचारलं, "मावशी, तुमच्या गावाचं दूध कुठल्या केंद्रावर जातंय?"