वीस मिनिटं पुढे

मित्रांनो, मी गजराचं एक जुनं घड्याळ. स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही. घरातली सगळी माणसं झोपली तरी माझी टिकटिक चालूच असते, आणि एखादा उगाच हातपाय ताणून पडलेला दिसला की मला वाटतं, अरे, उठ ना! हा स्वभाव काही चांगला नव्हे. पण ज्या घरात मी राहिलो, त्या घरालाही स्वस्थता अशी नव्हतीच.

मी कुठे घडलो ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते लालबागच्या नाक्यावरचं कुशाबाचं दुकान. तो डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचा. माझ्या पोटातलं जुनं तेल त्यानेच पुसलं आणि मला काचेच्या कपाटात मांडलं. सीताराम मला घ्यायला आला तेव्हा कुशाबा त्याला म्हणाला, "रोज एकाच वेळी किल्ली द्यायची. आणि एक सांगून ठेवतो, याचे काटे उलटे फिरवायचे नाहीत. यंत्र बिघडतं."

सीताराम गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा होता. चार साचे तो एकटा सांभाळायचा. घरी नेल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर माझे काटे वीस मिनिटं पुढे सारले. मला भारी अपमान वाटला. मी चांगली बरोबर वेळ दाखवत होतो!

पण त्याचं कारण मला हळूहळू कळलं. गिरणीच्या फाटकाशी रोज बदलीवाले उभे असायचे. कायमचा कामगार उशिरा आला की त्याचे साचे जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, बदलीवाल्याच्या हाती द्यायचा आणि कायमचा माणूस हात हलवत घरी परतायचा. सीताराम स्वतः तीन वर्षं बदलीवाला होता. दुसऱ्या कुणाला उशीर झाला म्हणूनच त्याला कामाचा पहिला दिवस मिळाला होता, आणि ते तो कधी विसरला नाही. म्हणून आमच्या खोलीत वेळ नेहमी वीस मिनिटं पुढे असायची. माझ्या तोंडाकडे बघायचं, मनात वीस वजा करायचे, मग बोलायचं. घरातल्या सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलं की आपण वजा करतोय हेही त्यांच्या ध्यानात यायचं नाही.

सीतारामची बायको बकुळा, आणि त्यांची एकुलती मुलगी सुभद्रा. तिला सगळे सुभी म्हणत. सुभी दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत दुसरीत होती.

छप्पन्नच्या जानेवारीत मुंबईत आग भडकली. मुंबई महाराष्ट्रालाच मिळाली पाहिजे म्हणून गिरण्यांतले लोक रस्त्यावर उतरले होते. त्यातल्या एका दिवशी शाळा अचानक सुटली. रस्त्यात अश्रुधूर होता आणि सुभीचा पत्ता नव्हता. बकुळा गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. समोरच्या चाळीतला दौलत वाळत घातलेलं धोतर काढायला गॅलरीत आला आणि पोलिसांची गोळी लागून तिथेच कोसळला. बकुळाने ते डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर चार तासांनी शाळेचा शिपाई सुभीला हाताला धरून घेऊन आला. ते चार तास मी मोजलेले आहेत. तेव्हा बकुळा दर थोड्या वेळाने धावत आत येऊन माझ्याकडे बघायची आणि काहीही वजा न करता परत बाहेर धावायची.

शाळा पुन्हा उघडली, पण बकुळाने सुभीला पाठवलं नाही. "मी शिकवीन घरी. पाचवीपर्यंत शिकलंय मी," ती म्हणाली. सीतारामला वाटलं, चार दिवसांनी भीती जाईल. चार दिवसांचे चार महिने झाले आणि पुढे वर्ष उलटलं.

आमची खोली दहा बाय बाराची. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप आणि आता त्यातच शाळा. गिरणीची पाळी दर महिन्याला बदलायची, त्यामुळे सुभीच्या शाळेचं वेळापत्रकही बदलायचं. सीताराम पहिल्या पाळीला असला की पोळ्या लाटता लाटता पाढे. दुसरी पाळी असली की तो घरी असेपर्यंत अभ्यास नाही, तो गेल्यावर कविता आणि शुद्धलेखन. तिसऱ्या पाळीचा महिना सगळ्यात अवघड. सीताराम रात्रभर काम करून दिवसा झोपायचा. तेव्हा आमच्याकडे मुकी शाळा भरायची. बकुळा पाटीवर प्रश्न लिहायची, सुभी पाटीवर उत्तर लिहायची. चूक झाली की बकुळा नुसती मान हलवायची. बारापासून एकोणतीसपर्यंतचे पाढे ती पोर एक अक्षर न उच्चारता शिकली.

बकुळा शिकवायची मात्र जीव ओतून. तांदळाच्या मापावर अपूर्णांक, नऊवारीच्या काठावर लांबी-रुंदी. आणि वेळ कशी बघायची ते माझ्यावर. मला मांडीवर घेऊन ती सुभीला सांगायची, "हा लहान काटा तासाचा, हा मोठा मिनिटांचा. आता खरे किती वाजले?" सुभी बघायची, ओठ हलवायची आणि सांगायची. गिरणीचा भोंगा झाला की पडताळा यायचा. तिचं कधी चुकलं नाही. मला तेव्हा अभिमान वाटायचा, हे कबूल करतो. आज त्याची लाज वाटते.

भूगोलाची मात्र पंचाईत होती. बकुळाचं जुनं पुस्तक गावाकडचं, त्यातला नकाशा कधीच शिळा झालेला. एकदा सुभीने विचारलं, "आई, आपलं राज्य कुठलं?"

बकुळाने नकाशा पाहिला, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "अजून ठरायचंय."

सीताराम अधूनमधून कुरकुरायचा. "अगो, किती दिवस चार भिंतींत ठेवशील तिला? पोरगी बोलायची बंद झाली."

"तुम्हाला झोप हवी असते म्हणून ती हळू बोलते," बकुळा म्हणायची.

"मी झोपतो ते महिनाभर. ती बाराही महिने कुजबुजते, त्याचं काय?"

यावर बकुळा भांडी घासायला घ्यायची, आणि ती आपटायचीच जास्त.

शेजारच्या राधाबाई तर स्पष्ट बोलायच्या. "बकुळे, शाळा म्हणजे काय वाघाची गुहा आहे? माझी तिघं जातात, तिघं येतात."

"जातात ते दिसतं हो," बकुळा म्हणायची, "येईपर्यंतचं कोण बघतं?"

शेवटी बकुळा हरली ती दशांश अपूर्णांकांपुढे. अठ्ठावन्नच्या मे महिन्यात सुभीने राधाबाईंच्या मुलाच्या पुस्तकातलं एक गणित आणलं. बकुळा दुपारभर त्याच्याशी झटली. तिच्या वेळी हे नव्हतंच. संध्याकाळी ती सीतारामला म्हणाली, "माझ्याजवळचं संपलं." एवढंच बोलली आणि रडली. सुभीने आईला रडताना पाहिलं आणि पाटी पुसून ठेवली.

आता प्रश्न असा होता की, सुभीचं वय पाचवीचं, पण दाखला दुसरीचा. हेडमास्तर गंगाधरपंत म्हणाले, "मी परीक्षा घेईन. उतरली तर पाचवी. नाहीतर जिथे सोडली तिथे, दुसरीत." दहा वर्षांची उंच सुभी दुसरीतल्या चिमुरड्यांत बसणार! ती तिथे आठवडाभरही टिकली नसती, हे बकुळाला माहीत होतं. शाळेने सुभीला एकदा परत पाठवलं असतं, तर ती पुन्हा उंबरा ओलांडणार नव्हती.

परीक्षेच्या दिवशी योगायोगाने मीही तिथे होतो. माझ्या घंटेची हातोडी सैल झाली होती आणि येताना मला कुशाबाकडे टाकायचं होतं. म्हणून सुभीच्या पाटीबरोबर बकुळाच्या पिशवीत मीही पडलो होतो आणि पिशवीच्या उघड्या तोंडातून सगळं बघत होतो.

गंगाधरपंतांनी वाचायला दिलं. सुभीने वाचलं, पण कुजबुजत. "मोठ्याने बाळ," ते म्हणाले. आवाज काही वाढला नाही. सतराचा पाढा विचारला, तर तिने पाटी मागितली आणि सरसर लिहून दाखवला. राज्य कुठलं विचारलं, तर म्हणाली, "अजून ठरायचंय." पंतांची नजर टेबलावर उघड्या पडलेल्या वर्तमानपत्राकडे गेली. "बरोबर आहे गं बाई तुझं," ते हळूच म्हणाले, पण कागदावर काही लिहिलं नाही.

मग पोरीला जरा धीर यावा म्हणून त्यांनी अगदी सोपा प्रश्न घातला. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बोट करून म्हणाले, "किती वाजले सांग पाहू?"

सुभीने पाहिलं. ओठ हलवले. "अकरा वाजून वीस मिनिटं."

घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

"नीट बघ."

तिने नीट बघितलं. "अकरा वीसच."

पंतांनी चष्मा काढला. "बाई, दहा वर्षांच्या मुलीला घड्याळ कळत नाही? पाढे तुम्ही घोटून घेतले असतील, पण…" आणि त्यांनी कागदावर 'दुसरी' असं लिहिलं.

मी तिला शिकवलं होतं! मीच! मला ओरडून सांगायचं होतं, पण मला येतं काय, तर टिकटिक. ती मी जिवाच्या आकांताने केली.

"पिशवीत काय वाजतंय?" पंतांनी विचारलं.

बकुळाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. तिने मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. माझ्या तोंडावर बारा वाजले होते, खरोखरचेच. "गुरुजी, हे आमच्या घरचं घड्याळ. हे वीस मिनिटं पुढे असतं. गिरणीसाठी. आम्ही सगळे वीस वजा करून वेळ सांगतो. तिने तुमच्या घड्याळातूनही वजा केले."

पंतांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग सुभीला विचारलं, "पण शाळेचं घड्याळ बरोबर असेल असं नाही का वाटलं तुला?"

आणि सुभी मोठ्याने बोलली. इतक्या मोठ्याने मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "मला वाटलं, सगळी घड्याळं अशीच असतात. पुढे. कुणाचं काही जाऊ नये म्हणून."

मी बकुळाकडे पाहत होतो. अडीच वर्षं तिने मुलीला जे जे येत होतं ते सगळं दिलं होतं, आणि दुसरं घड्याळ मात्र एकदाही दाखवलं नव्हतं. ते तिला तिथे, परक्यासमोर कळलं. तिने पदराचं टोक बोटाला इतकं आवळून गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

पंतांनी 'दुसरी' खोडली आणि 'पाचवी' लिहिलं. "शाळा अकराला भरते, पाचला सुटते," ते म्हणाले. "भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे."

मला वाटलं, सुटलो! पण गोष्ट इथे संपली नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी बकुळा सुभीला पोचवून आली आणि माझ्यासमोर बसली. डाळ निवडली, पुन्हा तीच डाळ निवडली. माझ्या काट्यांनी पाच दाखवले आणि सुभी आली नाही. झालं! सुभीला वीस वजा करायला शिकवणारी बकुळा त्या दिवशी स्वतः वजा करायचं विसरली. चपला न घालताच ती धावली. पुढचं मी तिने राधाबाईंना सांगताना ऐकलं. शाळेचं फाटक बंद होतं, रस्त्यात एक मूल नव्हतं. तिने फाटकावर मुठी आपटल्या, सुभीच्या नावाने हाका मारल्या. शिपाई म्हणाला, "बाई, अजून वीस मिनिटं आहेत." पाचवीचा अख्खा वर्ग खिडकीशी जमून हसत होता आणि त्यात सुभी उभी होती.

घरी आल्यावर सुभीने दप्तर खाली ठेवलं. "आई," ती म्हणाली, "उद्या तू येऊ नकोस. मी येते."

त्या संध्याकाळी बकुळाने मला किल्ली दिली नाही.

मित्रांनो, मला वाटलं, आता मी अडगळीत जाणार. एवढी चाकरी केली, आणि शेवटी मलाच दोष! दुसऱ्या दिवशी दुपारी माझी टिकटिक मंद झाली आणि अडीचच्या सुमारास मी थांबलो. या घरात आल्यापासून प्रथमच. सुभी शाळेत एकटीच गेली होती. बकुळा मला समोर ठेवून बसून राहिली. साडेतीनचा भोंगा झाला तशी तिने माझे काटे सुलट फिरवून खऱ्या साडेतीनवर आणले, किल्ली दिली आणि मला फळीवर ठेवलं.

सीताराम कामावरून आला, त्याने मला पाहिलं. "हे काय? माझे साचे घालवतेस की काय?"

"गजराचा काटा वीस मिनिटं अलीकडे घ्या," बकुळा म्हणाली. "उठायचं आहे तुम्हाला. सगळ्या घराने कशाला पुढे धावायचं?"

सीताराम आ वासून बघत राहिला. इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती.

पाच वाजले. खरे पाच. बकुळा दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसली होती, उठू नये म्हणून. पाच वाजून चार मिनिटं. पाच वाजून सात. तरी ती जागची हलली नाही. अकराव्या मिनिटाला जिन्यावर पावलं वाजली आणि कुणीतरी मोठमोठ्याने बाराचा पाढा म्हणत वर येत होतं.

मित्रांनो, आम्हा घड्याळांची निगा राखा. रोज किल्ली द्या, धूळ पुसा, काटे उलटे फिरवू नका. पण त्याहून मोठी विनंती अशी की, तुमची भीती आमच्या काट्यांवर चढवू नका. मोठी माणसं ती विसरून जातात हो. घरातली पोरं मात्र आयुष्यभर वजा करत बसतात.