परत येतानीचा सूर्य

मी एक जुना पृथ्वीगोल आहे, मित्रांनो. वाशीमच्या एका शाळेत कामाले होतो. गुरुजी मले फिरवत तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही चूप बसत. मंग एकानं मले पाडलं. आफ्रिकेवर पोचा पडला अन् मोडक्या बाकांसंगं मले हाकललं. मंगरूळपीरच्या केशरीचंद शेठनं मले आणलं अन् आपल्या कपड्याच्या दुकानात फळीवर ठेवलं. शोभेले! असा राग येई मले. शेठची लेक राजमती तेवढी मले पुसे.

एका दुपारी सोयरीक जुळवणारा दुलीचंद आला. माणूस मले आल्याबरोबरच खटकला. बूट कोरे, पण नजर दाराकडं.

"लंडनचा पोरगा हाय शेठ. मी सोता घर पाहून आलो. राजमतीसाठी सोयरीकीचा नारळ आजच द्या."

शेठनं नारळ काढून माह्याजवळ ठेवला. "पण विमानात जेवणाचं कसं? आपण जैन, दिवस बुडाल्यावर खात नाही."

"सकाळी सातले मुंबईहून बसलो. दहा तास उडालो. उतरलो तं तिथं दुपारचे बारा बी नाही वाजले! आरामात जेवलो."

"दहा तास उडाले अन् दुपार बी नाही? कोणाले बनवता?" शेठ हासले.

राजमतीनं मले खाली घेतलं. दार लोटलं, सूर्य म्हणून बॅटरी लावली, मले हळूच फिरवलं. "बाबूजी, हे खरं हाय. विमान सूर्याच्या मांगं मांगं पळते. लंडन आपल्याहून साडेपाच तास मांगं हाय."

दुलीचंद फुगला. पण लंडन कुठं हाय म्हणून बोट ठेवाले गेला, तं माशी हाकलल्यासारखा माह्यावर हात फिरवत राह्यला. मी ते पाह्यलं. राजमतीनंही पाह्यलं.

"अन् येतानी काका?"

"तसंच! सकाळी आठले निघालो, मुंबईत उतरून दिवसाच जेवलो."

राजमतीनं बॅटरी तशीच धरली. "येतानी सूर्य अन् विमान तोंडासमोर येतात काका. दहा तास उडायचे, वरून ते साडेपाच तास अंगावर पडतात. मुंबईत अर्धी रात्र होते. मंग दिवसा कसे जेवले?"

"त्या दिवशी... मले उपास होता."

"आत्ता तं जेवलो म्हणाले!"

"काहून वकिलावानी इचारून राह्यली? माही यष्टी चुकते!" म्हणत तो दाराबाहेर पडला.

जाण्याचं कोणापासून तरी ऐकून आला होता लबाड. येण्याचं इचारायचं राह्यलं होतं. जो विमानात बसलाच नाही, त्यानं पोरगा तरी कुठं पाह्यला असंन?

शेठनं नारळ उचलून राजमतीच्या हातात दिला. "चटणी कर याची. आज दिवस बुडायच्या आत जेवू."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माह्यासारखा एखादा कपाटावर धूळ खात असंन. त्याले खाली काढा, पुसा, फिरवा. अन् कोणी दूरच्या गावाची लय तारीफ करत असंन, तं त्याले तिथून परत कसा आला तेवढं इचारा.